एका चऱ्यासाठी अख्खं दार कशाला? गाडीच्या रंगाची डागडुजी घरच्या घरी

पार्किंगमधून कुणीतरी दुचाकी बाहेर काढतं आणि ब्रेकच्या लिव्हरचं टोक आपल्या गाडीच्या मागच्या दारावर घासत जातं. चार-पाच सेंटिमीटरचा चरा, मधोमध रंगाचा पापुद्रा उडालेला आणि त्याखाली उघडा पत्रा. गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं: "पूर्ण दार मारावं लागेल." तो फसवत नाही. त्याच्या दृष्टीने अख्खं पॅनल मारणं हेच सोपं आणि खात्रीचं काम आहे. पण त्यात काही हजार रुपये जातात. विम्यातून करून घ्यायचं म्हटलं, तर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये आपल्याच खिशातून द्यावे लागतात. शिवाय बोनस राखणारं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल, तर पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांवर गेलेला बोनस एका चऱ्यापायी घालवायचा, हा हिशेब मला तरी पटत नाही.

म्हणून इथे उदाहरणाला तेच दार घेतलं आहे: साध्या पांढऱ्या रंगाची हॅचबॅक, पत्र्याचं पॅनल, तळहातापेक्षा लहान जागा. आधी अपेक्षा जमिनीवर आणू. घरी केलेलं काम जवळ वाकून पाहणाऱ्याला कळतंच. दोन मीटरवरून कळलं नाही, तर उत्तम जमलं समजा. आणि दिसण्याच्या आधी येतो गंज. उघड्या पत्र्याला हवा-पाणी लागू न देणं हे पहिलं काम आहे, देखणेपणा त्याच्या मागून. हा क्रम डोक्यात पक्का असला की वाटेतले बरेच निर्णय आपोआप होतात.

चरा किती खोल आहे?

कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. एवढ्याशा जाडीत चार थर बसवलेले असतात. पत्र्याला चिकटलेला, गंज रोखणारा ईडी कोट, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग, म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. गंमत म्हणजे ज्या रंगावर भाळून आपण गाडी घेतो, तो बेस कोट बहुधा सगळ्यात पातळ असतो, जेमतेम १५-२० मायक्रॉनचा. चकाकी आणि उन्हापासूनचं संरक्षण क्लिअरचं.

चरा धुऊन घ्या आणि त्यावर पाणी शिंपडा. ओला असताना चरा दिसेनासा झाला, तर तो फक्त क्लिअरमध्ये आहे. त्याला रंग लागत नाही. रबिंग कंपाउंड आणि मऊ मायक्रोफायबर कापडाने पाच-दहा मिनिटं चोळलं की निघतो किंवा निदान मंद होतो. टूथपेस्टने चरे जातात असं जे सांगितलं जातं ते एवढ्यापुरतं खरं आहे, कारण तीही एक सौम्य घासणारी पेस्टच आहे. मात्र नख आडवं फिरवल्यावर अडकलं, किंवा आत राखाडी, काळपट नाही तर धातूचा रंग दिसला, तर पुढचं सगळं करावं लागेल.

जुन्या साध्या पांढऱ्या गाड्यांमध्ये काहींना क्लिअर नसतंच, रंगातच चकाकी असते. कंपाउंड लावून चोळताना कापडावर पांढरा रंग उतरला, तर तुमची गाडी त्यातली.

सेकंडहँड गाडी असेल तर आणखी एक परीक्षा घ्या. कापडाच्या टोकाला थोडं थिनर लावून दाराच्या आतल्या कडेला, न दिसणाऱ्या जागी, हलकेच पुसा. कारखान्यातला भाजलेला रंग एवढ्याने विरघळत नाही. रंग कापडावर आला, तर ते दार आधी कुणीतरी साध्या रंगाने मारलेलं आहे. अशा रंगावर नवा स्प्रे बसला की खालचा थर सुरकुतून वर येण्याची भीती असते. तिथे पेंटरकडे गेलेलं बरं.

कुठे हात घालू नये

मोत्यासारखी झाक असलेला पांढरा, म्हणजे तीन थरांचा पर्ल रंग, घरी जुळवायला जाऊ नका. त्यात पांढऱ्या बेसवर पर्लचा अर्धपारदर्शक थर असतो आणि तो किती हात मारला यावर छटा बदलते. सिल्व्हर तेवढा वाईट नाही, पण नवशिक्याची सर्वांत जास्त परीक्षा तोच घेतो. त्यातले धातूचे कण कसे बसले यावर डाग फिकट किंवा गडद दिसतो. बॉनेटचा मधला भाग आणि टप यांच्यावर आकाश थेट पडतं, तिथे प्रत्येक चूक उघडी दिसते. दाराचा खालचा भाग, मडगार्डची कड, डिकीखालची पट्टी या सुरुवातीला चांगल्या जागा.

रंग फुगून आला असेल तर गंज आतून येतो आहे. बाहेरून दिसणाऱ्या फुग्याच्या खाली तो बराच जास्त पसरलेला असतो, आणि चाकाच्या वरच्या कडेला बहुतेक वेळा पत्र्याच्या मागच्या बाजूने येतो. वरून रंगवून तो थांबत नाही. पोचा पडला असेल तर आधी डेंटर, मग रंग. पुढच्या बंपरमागे रडार किंवा बंपरमध्ये पार्किंग सेन्सर असतील, तर त्या जागेवर लांबी (खड्डा भरायची पुट्टी) किंवा रंगाचे जाड थर चढवू नका, सेन्सरची नजर बिघडते.

रंग जुळवणं

दुकानात जाऊन "पांढरा द्या" म्हणू नका. प्रत्येक गाडीला रंगाचा कोड असतो. तो इंजिनच्या खोलीतल्या पट्टीवर किंवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर सापडतो. मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचा कोड झेड-२-एस असा असतो, त्याच धर्तीचा. सापडत नसेल तर चेसिस नंबर दिल्यावर सर्व्हिस सेंटरवाले काढून देतात. कंपनीच्या ॲक्सेसरीज विभागात टचअप पेन मिळतो. गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानांत मशीनवर कोडनुसार रंग मिसळून देतात, आणि अनेक ठिकाणी तोच स्प्रे कॅनमध्ये भरूनही मिळतो.

कोड बरोबर असला तरी सहा-सात वर्षं उन्हात उभी राहिलेली गाडी आता कोडाच्या रंगाची राहिलेली नसते. म्हणून पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं, गाडीच्या रंगाचं झाकण स्वच्छ पुसून दुकानात दाखवायला न्या (बहुतेक गाड्यांचं सुटं करता येतं), नाहीतर गाडीच घेऊन जा. शंका असेल तर आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर प्रायमर, रंग, क्लिअर असे सगळे थर मारून, सुकवून, सकाळच्या उजेडात दाराला लावून पाहा. ओला रंग आणि सुकलेला रंग वेगळा दिसतो, आणि ट्यूबलाइटखाली तर काहीही जुळल्यासारखं वाटतं. हा तुकडा फेकू नका, स्प्रेचा हात बसवायलाही तोच कामी येतो.

ऋतू आणि जागा

जून ते सप्टेंबर हे काम विसरा, कोकणात तर ऑक्टोबरही अर्धा सोडा. हवेत दमटपणा खूप असेल तर सुकता सुकता रंगातलं द्रावक उडून जागा थंड होते, तिच्यावर बाष्प बसतं आणि क्लिअर दुधाळ दिसू लागतं. पावसाळ्यात चरा पडलाच तर कोरडा पुसून त्यावर वॅक्सचा जाडसर थर द्या आणि दिवाळीपर्यंत थांबा. आठ-पंधरा दिवसांनी वॅक्स पुन्हा लावायचं, एवढीच आठवण ठेवा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्याची अडचण उलटी. तापलेल्या पत्र्यावर रंग पोहोचायच्या आतच सुकतो आणि हाताला खरखरीत लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊनंतर, सावलीत, वारा नसताना, हा आपल्याकडचा मुहूर्त. नाशिक-पुण्याच्या थंडीत कॅनचा दाब कमी वाटला तर तो कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा करा. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कदापि नाही.

पार्किंगमध्ये काम करणार असाल तर शेजारच्या गाड्या आधी हलवायला सांगा. स्प्रेचा धूर दिसतो त्यापेक्षा बराच लांब जातो आणि दुसऱ्याच्या काचेवर बारीक ठिपक्यांच्या रूपाने उतरतो. नंतर सेक्रेटरीला समजावत बसण्यापेक्षा सुटीच्या दिवशी मोकळं मैदान गाठलेलं चांगलं, फक्त तिथे धूळ उडत नाही ना ते पाहा. पार्किंगमध्ये जमिनीवर पाणी शिंपडलं की धूळ बसते. स्प्रेमधला वायू ज्वालाग्राही असतो, त्यामुळे सिगारेट, उदबत्ती, गॅसचा बर्नर यांपैकी काही जवळ नको. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून थिनरची वाफ अडत नाही. कोळशाची कार्ट्रिज असलेला अर्धा मास्क लागतो, तो हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतो.

सामान

पाण्यातला पॉलिश पेपर, म्हणजे वॉटर पेपर, १८०, ३२०, ६००, ८००, १५०० आणि २००० नंबरचा. पेपर गुंडाळायला रबराचा छोटा ठोकळा. न मिळाल्यास जाड खोडरबर चालतं. मास्किंग टेप (गाडीसाठीचा, खोकी बंद करायचा नाही), जुनी वर्तमानपत्रं, प्लॅस्टिकचा पातळ कागद. डिशवॉश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मायक्रोफायबर कापडं. गंज असेल तर फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजरोधक द्रव. उघड्या पत्र्यासाठी एपॉक्सी किंवा एच (इंग्रजीत etch, म्हणजे आम्ल असलेला) प्रायमरचा स्प्रे, लागलीच तर लांबी, रंगाचा स्प्रे, क्लिअरचा स्प्रे, रबिंग कंपाउंड. सगळं मिळून अख्खं दार मारण्याच्या खर्चाहून बरंच स्वस्त पडतं आणि पेपर-टेप पुढच्या वेळेलाही उरतात.

शक्यतो प्रायमर, रंग आणि क्लिअर एकाच कंपनीचे घ्या. घरात ग्रिलसाठी आणलेला रेड ऑक्साइड उरलाय म्हणून तो प्रायमर म्हणून वापरायचा मोह अनेकांना होतो. तो तेलाच्या जातीचा, सावकाश सुकणारा. त्यावर गाडीचा झटपट सुकणारा स्प्रे बसला की तासाभरात सगळी जागा सुरकुतते आणि पहिल्यापासून घासावं लागतं.

क्लिअर घेताना दुकानदार विचारेल, वन-के की टू-के. टू-के मध्ये हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, असतो, वन-के मध्ये नसतो. टू-केचा थर टणक, पेट्रोललाही दाद न देणारा. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, जे श्वासावाटे गेलं तर दमा जडू शकतो, आणि कॅन एकदा फोडला की एक-दोन दिवसांत वाया जातो. पहिल्या कामाला वन-के घ्या. पेट्रोलच्या झाकणाशेजारची जागा असेल, तेवढ्याच ठिकाणी मी टू-केचा विचार करेन, आणि तोही पूर्ण मास्क, हातमोजे, उघडी हवा असेल तरच.

घासणं: खरं काम इथेच

रंग मारायला सगळे थर मिळून अर्धा-पाऊण तास लागतो. बाकीचा दिवस घासण्यात, पुसण्यात आणि वाट पाहण्यात जातो. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने खरंच गॅरेजला द्यावं.

पूर्ण दार डिशवॉशच्या पाण्याने धुवा, सुकवा, मग चऱ्याभोवतीचा हातभर भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एका ओल्या कापडाने लावायचं आणि उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलायचं. एकाच कापडाने पुसत राहिलात तर तेलकटपणा इकडून तिकडे फिरतो. रॉकेल नको, ते स्वतःच तेलाचा थर सोडतं. टायर आणि डॅशबोर्डच्या चकचकीत पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. त्याचा एक थेंब जरी दारावर राहिला तरी ओला रंग तिथून मागे सरतो आणि डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. त्या दिवशी पॉलिशची बाटली गाडीजवळ आणूच नका.

आता १८० नंबरचा पेपर ठोकळ्याला गुंडाळून फक्त चऱ्यावर आणि त्याच्या अगदी कडेला. सुटलेले पापुद्रे निघाले पाहिजेत, पत्र्यावर गंजाचा तांबूस ठिपका असेल तर तो चकचकीत होईपर्यंत घासला गेला पाहिजे. खोलगट भागात गंज राहिलाच तर ब्रशने गंजरोधक द्रव लावा. गंजाचा काळा थर होतो. डब्यावर लिहिलंय तितका वेळ थांबा, त्यातच धुवायचं की नाही तेही दिलेलं असतं. उघड्या पत्र्याला पाणी लावून घासू नका. काही मिनिटांत पिवळसर झाक येते, तो नवा गंज असतो. या टप्प्यावर कोरडंच घासायचं.

मग ३२० घ्या आणि कडा उतरत्या करा. पेंटर याला फेदर करणं म्हणतात, आणि दुरुस्ती दिसणार की लपणार हे इथेच ठरतं. चऱ्याच्या मध्यापासून बाहेर गोलाकार घासत गेलं की थर एकेक करून उघडे पडतात. मधोमध पत्रा, त्याभोवती ईडी कोटाचं काळपट वर्तुळ, मग प्रायमरची राखाडी पट्टी, मग पांढरा बेस आणि शेवटी क्लिअरची मंद झालेली झाक, भूगोलाच्या पुस्तकातल्या टेकडीच्या समोच्च रेषा असाव्यात तशी. या रेषा एकमेकींना खेटून असतील तर कड अजून उभी आहे. प्रत्येक पट्टी निदान तीन-चार मिलिमीटर रुंद दिसेपर्यंत घासा. डोळ्यांवर विसंबू नका. डोळे मिटून बोटांची टोकं फिरवा. बोट जिथे जराही अडखळलं, तिथे रंगानंतर रेघ दिसणार. हातात पातळ कापड घेऊन चाचपलं तर आणखी नीट कळतं.

यात जागा वाढते, पाच सेंटिमीटरचा चरा पंधरा सेंटिमीटरचा गोल होतो आणि पोटात गोळा येतो. येऊ द्या. नवशिक्या बहुतेक वेळा इथेच घाबरून थांबतो आणि मग कायमची एक कड उरते.

सगळ्यात शेवटी ८०० नंबरने, पाण्याचा अगदी कमी वापर करून, गोलाबाहेरचा सात-आठ सेंटिमीटरचा पट्टा फक्त मंद करा, म्हणजे नवा रंग आणि क्लिअर त्यावर धरेल. दाराच्या धारेवर, उठावाच्या रेषेवर पेपर जपून. तिथे रंग आधीच पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत पत्रा दिसतो.

लांबी लागेल का?

साध्या चऱ्याला बहुधा लागत नाही. नीट फेदर केलं असेल तर प्रायमरचे थर तेवढा खोलगटपणा भरून काढतात. पत्र्यातच खोल रेघ उठली असेल तेवढीच लांबी भरा. हार्डनर घालून वापरायची पॉलिएस्टर लांबी घ्या. हार्डनर वजनाने साधारण दोन टक्के, म्हणजे गोटीएवढ्या लांबीला तुरीच्या दाण्याएवढाही नाही. रंग एकसारखा होईपर्यंत कालवा आणि चार-पाच मिनिटांत लावून मोकळे व्हा, नंतर ती गोळा होते. ती घासलेल्या पत्र्यावर किंवा एपॉक्सी प्रायमरवर लावायची. एच प्रायमरवर नाही, त्यातलं आम्ल तिला नीट बसू देत नाही. घासताना पाणी लावू नका, लांबी पाणी पिऊन बसते आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिथे फुगा येतो.

ट्यूबमधली, हार्डनर न लागणारी लांबी सोयीची असते, पण सुकताना आक्रसते. आज सपाट दिसलेली रेघ पंधरा दिवसांनी पुन्हा खोलगट दिसते. पेपरच्या बारीक ओरखड्यांसाठी ठीक, त्याहून जास्त भरवसा नको.

प्रायमर

टेप आता लावायचा, पण घासलेल्या गोलाला चिकटून नाही. दाराच्या कडेपर्यंत किंवा शेजारच्या उठावाच्या रेषेपर्यंत मागे न्या, बाकी गाडी वर्तमानपत्राच्या दुहेरी थराने नाहीतर प्लॅस्टिकने झाका. एकेरी कागदातून थिनर आत झिरपतं आणि छपाईची शाई रंगावर उमटते. मध्येच कुठे टेप येणार असेल तर तो लांबट बाजूने अर्धा दुमडून, चिकट कड पत्र्याला आणि दुमडलेली कड हवेत अशी लावा. त्याखाली रंग विरळ होत जातो आणि सरळ पायरी पडत नाही.

पुन्हा एकदा अल्कोहोलने पुसा. कॅन हलवा, आतली गोळी सुटून खडखडायला लागल्यापासून पूर्ण दोन मिनिटं, घड्याळ लावून. २०-२५ सेंटिमीटर अंतरावरून, हात पत्र्याला समांतर सरकवत. मनगट वळवलंत तर मध्ये जाड आणि कडांना विरळ बसतो. बटण जागेच्या बाहेर दाबायचं, जागेवरून जायचं, पलीकडे गेल्यावर सोडायचं. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. पहिला हात इतका विरळ की खालचं दिसत राहावं. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने असे तीन हात, प्रत्येक हात आधीच्याहून जरा बाहेरपर्यंत.

डब्यावरची वेळ सुकू द्या, घाई नसेल तर रात्रभर. मग त्यावर लांबून काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडवा आणि ६००, नंतर ८०० नंबरने ठोकळ्यावर घासा. जिथे काळे ठिपके टिकून राहतात तिथे खोलगट आहे. जिथे लगेच पत्रा दिसू लागतो तिथे उंचवटा. खोलगट असेल तर आणखी प्रायमर, आणि पुन्हा तेच. पत्रा उघडा पडला तर तेवढ्या जागी परत प्रायमर मारल्याशिवाय पुढे जाऊ नका. इथे पाणी चालतं, पण रंगाआधी दार पूर्ण सुकलं पाहिजे. हँडलच्या आत आणि काचेच्या रबराखाली लपलेलं पाणी ऐन वेळी टपकतं, तिथे कापड घालून टिपून घ्या.

रंग आणि क्लिअर

रंगाची पद्धत प्रायमरसारखीच. तीन-चार विरळ हात, मध्ये दहा मिनिटं. पहिल्या हातात झाकायला जाऊ नका. ओघळ येतो तो नेहमी "अजून थोडं दिसतंय" म्हणून त्याच जागी परत बटण दाबल्यावर. बेस कोट सुकल्यावर मंद, खडूसारखा दिसतो. ते बरोबर आहे, चकाकी क्लिअरने येते. साध्या रंगावर माशी किंवा कचरा बसला तर सुकू देऊन १५०० ने हलकेच काढा आणि तिथे एक विरळ हात द्या. मेटॅलिक रंगाला मात्र क्लिअरच्या आधी पेपर लावायचाच नाही, कण आडवेतिडवे होऊन डाग पडतो.

क्लिअर मारायची वेळ डब्यावर दिलेली असते, बहुतेक वेळा रंग सुकल्यापासून अर्ध्या ते एका तासात. पहिला हात विरळ. दुसरा आणि तिसरा थोडा ओला, इतका की पृष्ठभागावर आकाशाचं प्रतिबिंब सलग दिसावं. क्लिअर रंगाच्या गोलाबाहेर, तुम्ही ८०० ने मंद केलेल्या पट्ट्यावर संपलं पाहिजे. शक्य असेल तर दाराच्या कडेपर्यंत किंवा उठावाच्या रेषेपर्यंत घेऊन जा. मधोमध सपाट जागी संपवलेली क्लिअरची कड वर्षभरात उकलायला लागते. कडेवर मारायला ब्लेंडिंग थिनरचा वेगळा स्प्रे मिळतो. तो शेवटच्या हातानंतर लगेच त्या सीमेवर विरळ मारला की नवं-जुनं एकमेकांत मिसळतं.

ओघळ आलाच तर कापडाला हात लावू नका. दोन दिवस सुकू द्या, नंतर १५०० च्या पेपरने ठोकळ्यावर तेवढाच उतरवता येतो. टेप मात्र क्लिअर अजून जरा मऊ असताना, पंधरा-वीस मिनिटांनी, स्वतःवर मागे दुमडत सावकाश काढा.

पॉलिश कधी?

वन-के क्लिअर हाताला कोरडं लागलं तरी आत बरेच दिवस मऊ असतं. निदान आठवडाभर धुऊ नका, आणि पक्ष्यांची विष्ठा किंवा झाडाचा चीक पडला तर लगेच भरपूर पाण्याने काढा. आठवड्यानंतर २००० चा पेपर अर्धा तास साबणाच्या पाण्यात भिजवून, ठोकळ्यावर, सरळ रेषेत, जवळजवळ वजन न देता फिरवा. चमकणारे बारीक खळगे नाहीसे होऊन जागा सगळीकडे सारखी मंद झाली की थांबा. क्लिअर किती थोडं आहे हे एव्हाना तुम्हाला माहीत आहे. मग रबिंग कंपाउंड, हाताने, वाटीएवढ्या जागेत, कापडाची घडी बदलत. सीमेवर चोळताना जुन्या रंगाकडून नव्याकडे नका जाऊ. नव्याकडून जुन्याकडे हात जाऊ द्या, म्हणजे पातळ कड उचलली जात नाही. वॅक्स महिनाभराने. त्याआधी लावलं तर आतलं उरलंसुरलं द्रावक अडकून राहतं.

दगडाचे टवके असतील तर

एक्स्प्रेस-वेवर पुढच्या ट्रकने उडवलेल्या खडीचे बॉनेटवरचे टवके हे वेगळंच प्रकरण, आणि त्यांना स्प्रे अजिबात लागत नाही. तांदळाच्या दाण्याएवढी जागा टूथपिकला गुंडाळलेल्या पेपरच्या तुकड्याने साफ करा, अल्कोहोलने पुसा, पत्रा दिसत असेल तर प्रायमरचा कणभर ठिपका. मग टचअपच्या बाटलीतला रंग टूथपिकच्या टोकावर घेऊन खळग्याच्या मधोमध टेकवा, तो आपोआप कडांपर्यंत पसरतो. बाटलीचा ब्रश वापरू नका, तो टवक्याच्या चौपट जागा माखतो. रंग पृष्ठभागाच्या जरा खालीच राहू द्या, दुसऱ्या दिवशी क्लिअरचा थेंब किंचित वर येईल इतका, आठवड्याने २००० ने सपाट आणि कंपाउंड. नेलपॉलिश लावणारे बरेच भेटतात. ते पाणी अडवतं, पण उन्हात पिवळं पडतं आणि पुढे खरं काम करायच्या वेळी आधी ते खरवडावं लागतं.

उरलेला कॅन ठेवताना उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत बटण दाबा, नळी साफ राहते आणि पुढच्या वर्षीही चालतो. कॅनवर मार्करने रंगाचा कोड आणि तारीख लिहा, आणि तो गाडीच्या डिकीत नको. उन्हात उभ्या गाडीतल्या उष्णतेने कॅन फुटू शकतो. घरात थंड, कोरड्या कपाटात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा.